दुबईच्या बाथरूममधली दलदल

२६ जून २०००, रत्नागिरी

सुके बोंबील बांधत होते. परदेशी न्यायचे तर त्यांना तीन आवरणं लागतात: आधी प्लास्टिक, मग वर्तमानपत्र, मग पुन्हा प्लास्टिक आणि वरून चिकटपट्टी. चिकटपट्टीत कंजुषी केली तर विमानातून उतरेपर्यंत साड्यांनाही बाजाराचा वास लागतो. बोंबील माझ्या भावजयीसाठी होते. दुसऱ्या पिशवीत नारळाची सोडणं, लाकडी कोळसा, लिटमसच्या कागदांची पुस्तिका आणि भिंग होतं. ते माझ्या कामाचं.

मी बावन्न वर्षांची आहे आणि आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं काचघर पंचवीस वर्षं सांभाळते. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. लेख प्राध्यापक लिहितात, पाणी मी घालते. तक्रार नाही, कामाची वाटणी सांगते आहे.

धाकटा भाऊ प्रकाश दुबईत एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय करतो. त्याचा फोन आला होता. त्याच्या एका गिऱ्हाइकाची, अबू सालेम नावाच्या वयस्कर अरबाची, शहराबाहेर रोपवाटिका आहे. बोर्निओच्या जंगलातून परवान्याशिवाय उपटून आणलेली ऑर्किडं विमानतळावर पकडली गेली होती आणि सरकारी खात्यानं ती सांभाळायला त्याच्याकडे दिली होती. ऑगस्टअखेरीस मलेशियातून एक बाई तपासणीला येणार होती. जगलेली झाडं ती आपल्या बागेत नेणार, बाकीची जाळून टाकायची. अबू सालेमनं सांभाळायचं लिहून दिलं होतं आणि झाडं एकेक करून मरत होती.

"तुझ्या काचघरातल्यासारखीच आहेत ताई," प्रकाश म्हणाला. "ये दोन महिने. तिकीट मी काढतो. नाहीतरी तू कुठे येतेस."

साठलेली अर्जित रजा होती. गेले.

२९ जून, खवानीज

विमानतळावर तपासनिसानं बोंबलांची पुडी नाकाशी नेली, मान फिरवली आणि अदबीनं परत दिली. सोडणं आणि कोळसा मात्र ठेवून घेतला. झाडांचा कुठलाही भाग आणायचा नसतो, हे पकडलेल्या झाडांसाठीच निघालेल्या मला तरी ठाऊक असायला हवं होतं. न्यायला आलेला प्रकाश खवानीजला पोहोचेपर्यंत हसत होता.

खवानीज दुबईच्या कडेला आहे. वाळू, मग एकदम खजुरांच्या बागांच्या लांबच लांब भिंती. जूनअखेरीस घड पिकायला लागतात. पाखरांपासून वाचवायला त्यांना जाळीच्या पिशव्या बांधतात, त्यामुळे प्रत्येक झाड बाजार करून आल्यासारखं दिसतं. गाडीतून उतरल्यावर उन्हानं माझा चष्मा इतका तापला की काढून हातात धरावा लागला.

अबू सालेम काठी टेकत दारापर्यंत आला. तरुणपणी वडिलांच्या गलबतावरून मुंबईला जायचा, त्यामुळे हिंदी बरी होती, आणि 'चलेगा' हा शब्द तो आपल्याकडच्या माणसासारखाच सगळीकडे वापरायचा. त्यानं आधी खायला घातलं. 'रुतब' म्हणजे नुकता मऊ पडलेला ताजा खजूर. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी. आपल्याकडे उपासाला मिळतो तो चिकट गोळा आणि हा, यांचं नातं सुक्या आंब्याचं हापूसशी असतं तेवढंच. सोबत बिनदुधाची, बिनसाखरेची, वेलदोड्याची कॉफी. त्याच्याकडे पाहुण्यानं खाल्ल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत, आमच्याकडे काम झाल्याशिवाय खात नाहीत. मी सहा खजूर पटापट खाल्ले आणि उठले.

शेडमध्ये झाडं ओळीनं मांडली होती. जिवंत सेहेचाळीस, त्यातली दहा-बारा नावापुरती. पानांची टोकं काळी, मुळांवर पांढरी पापुद्र्यासारखी खपली. प्रत्येक कुंडीत गच्च काळं खत. हे सगळं केलं होतं रहमतखाननं. पेशावरकडचा हा साठीचा माळी तीस वर्षं खजूर लावत होता. त्यानं माझ्यासमोर एक कुंडी अभिमानानं धरली. मेंढीचं तीन वर्षं मुरलेलं खत.

ऑर्किड मातीत नाही, झाडाच्या सालीवर राहतं. पावसानं जे ओघळेल त्यावर जगतं. त्याला मेंढीचं खत घालणं म्हणजे तान्ह्या मुलाला मटणाचा रस्सा भरवणं. मी हे जरा जास्त स्पष्ट सांगितलं.

"खाना नहीं मिलेगा तो मरेगा नहीं?" रहमतखाननं विचारलं.

"खाने से ही मर रहे हैं, खानसाहेब."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

१ जुलै, ऊद मेथा

शेडच्या कोपऱ्यात एक फाटका खोका होता. झाडं आली तेव्हा त्यांच्याभोवती जे पॅकिंग होतं ते रहमतखाननं टाकून न देता ठेवलं होतं. काळा, हलका, चुरचुरीत भुगा. मी मूठभर प्रकाशच्या ऊद मेथातल्या घरी आणला आणि पाण्यात भिजवला. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. लिटमस बुडवला, लाल.

तेव्हा सगळा उलगडा झाला. बोर्निओच्या सखल भागात पाण्यात उभी असलेली जंगलं आहेत. तिथे पडलेली पानं आणि लाकडं पुरती कुजतच नाहीत. हजारो वर्षं थरावर थर साचून त्यांचीच जमीन होते. पाणी काळं आणि आंबट. असल्या जमिनीत खायला काही नसतं, म्हणून ऑर्किडं वर झाडांवर चढून राहतात, आणि त्यांच्या इतक्या जाती तिथे आहेत की कितींना अजून नावं नाहीत. माणसानं कालवे खणून तिथलं पाणी काढलं की जमीन सुकते. आणि सुकलेली जमीन पेटते. झाडं नव्हे, जमीन. वरून विझली तरी आत महिनोन् महिने धुमसत राहते. आमची झाडं तसल्याच जंगलातली होती.

आणि इथे त्यांना मिळत होतं विहिरीचं पाणी. मी चाखून पाहिलं होतं, त्यात पिठल्याला पुरेल एवढं मीठ होतं.

शुद्ध पाणी कुठून आणायचं हा प्रश्न घेऊन मी इमारतीमागच्या बोळातून दुकानात निघाले होते, तोच डोक्यावर टपकन थेंब पडला. मग दुसरा. वर पाहिलं. सात मजले, प्रत्येक खिडकीत एसी, प्रत्येकाच्या नळीतून थेंब. खाली डांबरावर डबकं. दुबईची हवा जुलैत ओल्या टॉवेलासारखी असते. तीच थंड होऊन टपकत होती.

वर आले आणि नीलाच्या, म्हणजे भावजयीच्या, तीन स्टीलच्या वाट्या मागून घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी, एकीत नळाचं, एकीत एसीचं. तिन्ही गॅसवर आटवल्या. पहिलीच्या तळाशी पांढरा थर जमला. दुसरीत पुसट कडं. तिसरी घासल्यासारखी लख्ख.

"वन्सं, ही वाटी मी आता जेवायला वापरू का?" नीलानं विचारलं.

"तिसरी वापर. पहिली रहमतखानला दाखवायची आहे."

प्रकाशला कल्पना आवडली नाही. त्याचा सगळा धंदा हे पाणी दिसू नये यावर चालतो. "ताई, लोक एसी गळतो म्हणून मला शिव्या देतात, आणि तू म्हणतेस बादल्या लाव? हबीबी, हे गटाराचं पाणी आहे."

"गटारात तू सोडतोस म्हणून. आधी ते पावसाचंच असतं."

संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन माणसांनी आमच्या घरातल्या चारही नळ्या कॅनमध्ये सोडल्या. सकाळी कॅन भरलेले होते.

३ ते २० जुलै, खवानीज आणि बाथरूम

रहमतखाननं पांढरी वाटी बोटानं खरवडली, बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खजूर को चलता है." म्हणजे चूक कबूल, पण खजुराच्या मर्यादेत. एवढं पुष्कळ झालं.

आम्ही सगळ्या कुंड्या उपसल्या. मुळं एकेक करून धुतली, कुजलेली कापली. आता त्यांना बांधायला काहीतरी हवं होतं, आणि माझी सोडणं विमानतळावर राहिलेली. मी ते बोलून दाखवल्यावर रहमतखान बाहेर गेला आणि खजुराच्या खोडाभोवती असतं तसलं तपकिरी जाळीदार कापड भरून घेऊन आला. पानाच्या बुंध्याशी झाड स्वतःच ते विणतं. त्याला अरबीत लीफ म्हणतात. इथे पूर्वी त्यानं भांडी घासत आणि दोर वळत. मी ओलं करून पाहिलं. पाणी धरत होतं, पण साठू देत नव्हतं; हवा खेळत होती. सोडणापेक्षा सरस. तसं त्याला सांगितलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी तंदूरची रोटी वेगळी ठेवली जाऊ लागली.

खजुराच्या ओंडक्यांचे तुकडे, त्यावर लीफ, त्यावर ऑर्किड, सुतळीनं बांधलेलं. पाणी एसीचं, त्यात काळा भुगा भिजवून काढलेला चहा.

सगळ्यात आजारी बारा झाडांना शेडमधला गरम वारा सोसत नव्हता. अबू सालेमनं खात्यातल्या अधिकाऱ्याला फोन लावला, अधिकाऱ्यानं परवानगीची चिठ्ठी दिली, आणि बारा झाडं प्रकाशच्या व्हॅनमधून ऊद मेथाला आली. घरात एकच खोली अशी होती जिथे एसी नव्हता, ओल होती आणि दिवसभर उजेड होता. मी ती ताब्यात घेतली. प्रकाशनं वर दोन ट्यूबलाइट लावून दिल्या.

नववीतली भाची सई क्लासमधून आली, दार उघडलं आणि उभी राहिली.

"आत्या, दॅट्स माय बाथरूम."

"आता बोर्निओ आहे. तू आईच्यात जा."

"फॉर हाउ लाँग?"

"ऑगस्टपर्यंत."

ती मराठीत बोलावी म्हणून नीला वर्षानुवर्षं प्रयत्न करते आहे. त्या दिवशी ती मराठीत बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाणी पुरेना. चार एसी आणि सेहेचाळीस झाडं. शेडमध्ये फवाराही मारायचा होता. प्रकाशच्या माणसांना मी सांगितलं की ज्या घरी जाल तिथून कॅन भरून आणा. यात माझी एक चूक झाली. एका मुलानं नुकत्याच औषधानं धुतलेल्या एसीचं पाणी आणलं आणि मी ते न बघता घातलं. दोन झाडं चार दिवसांत गेली. दोष त्याचा नव्हता. विचारायचं मला सुचायला हवं होतं. पुढे नियम केला: प्रत्येक कॅनमधलं थोडं पाणी बाटलीत भरून हलवायचं, फेस आला की ओतून द्यायचं. पुन्हा तसं झालं नाही.

९ ऑगस्ट, ऊद मेथा

घरात वास यायला लागला. सकाळी स्वयंपाकघरात थोडा, दुपारी सगळीकडे. सडक्या मासळीचा. नीलानं बोंबलांची पुडी काढून हुंगली. बोंबलांना बोंबलांचाच वास येत होता, पण तिला खात्री वाटेना.

चार वाजता वरच्या मजल्यावरच्या मिसेस अय्यर आल्या. शुद्ध शाकाहारी, चेहऱ्यावर पदर. त्यांनी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं की इथे कोणी गेलंय का. सहा वाजता पुन्हा आल्या, आणि या वेळी सौम्य नव्हत्या. नीला शरमेनं लाल झाली. तिनं माझे सगळे बोंबील, एकही खाल्लेला नसताना, मजल्यावरच्या कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये टाकले. तळापर्यंत पडताना त्यांचा आवाज ऐकू आला. मला वाईट वाटलं. बोंबील चांगले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास दुप्पट झाला.

तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. पंचवीस वर्षं ऑर्किडांत काढून मला हे आदल्या दिवशीच कळायला हवं होतं. काही ऑर्किडांना फुलपाखरं नको असतात, माश्या हव्या असतात. आणि माशीला बोलवायचं तर गुलाबाचा वास काय कामाचा. मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नाक खाली करून एकेक झाड हुंगत गेले. नववं. सगळ्यात मरतुकडं, चिठ्ठी नसलेलं, जे मी मनातून सोडून दिलं होतं. लीफच्या आत दडून एक आडवा तुरा आलेला. गव्हाळ रंगाची फुलं, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढं, आणि एक लालसर ओठ जो मी श्वास सोडला तरी हलत होता.

मी नीलाला हाक मारली. मग सईला. मग जाऊन मिसेस अय्यरना खाली घेऊन आले, कारण मी त्यांना उत्तर देणं लागत होते. त्यांनी पदर नाकाला लावूनच वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इतना छोटा?" त्या म्हणाल्या. "और इतना हंगामा?"

"दूर से माशी को बुलाना है."

त्यांनी माझ्याकडे, मग बादल्यांकडे पाहिलं. हे पाणी कसलं, असं विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक भरलेली पिवळी बादली होती. आठवड्याभरात सात घरांच्या झाल्या. मिसेस अय्यरनी सगळ्या इमारतीला फेसाचा नियमसुद्धा समजावून सांगितला होता.

या फुलाचं महत्त्व वेगळंच होतं. कित्येक ऑर्किडं फुलल्याशिवाय ओळखता येत नाहीत. त्यांची पानं सारखीच. मलेशियाच्या बाईनं आधीच कळवलं होतं की नाव न लागलेली झाडं ती नेऊ शकणार नाही, कागद होणार नाहीत. म्हणजे हे झाड जगलं असतं तरी जाळलंच जाणार होतं. आता त्याच्याकडे नाव सांगणारं फूल होतं, पण ती बाई यायला सोळा दिवस होते आणि असलं फूल चार दिवसांत कोमेजतं.

कॉलेजात विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी मी शेकड्यांनी फुलं स्पिरिटमध्ये घालून ठेवली आहेत. खालच्या औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळालं. नऊ दिरहम, प्रकाशनं लगेच एकशे आठ रुपये असं मोठ्यानं सांगितलं, आणि मी त्याला गप्प बसवलं. नीलाची लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी उकळून, पुसून घेतली. सईनं आपल्या कॅमेऱ्यानं आधी फोटो काढले, सगळा रोल. मग मी अर्धा तुरा कापून बरणीत सोडला. सईनं स्वतःहून चिठ्ठी लिहिली, तारीख घातली, आणि शेवटी मराठीत: 'वास: बोंबील.'

२६ ऑगस्ट, खवानीज

बाई आली. नाव वोंग, वय चाळिशीच्या आसपास, पायात रबरी बूट. वाळवंटात रबरी बूट घालून आलेली ती पहिलीच असावी, सवय, म्हणाली. मला ती लगेच आवडली. तिनं खजूर नको म्हटले आणि सरळ शेडमध्ये गेली. अबू सालेम दुखावला, मग माझ्याकडे बघून हसला. त्याला असली माणसं आता ओळखीची झाली होती.

मधल्या काळात आणखी तीन गेली होती; उरलेली एकेचाळीस झाडं, बाथरूममधलीही परत आणून, ओंडक्यांवर बांधून टांगली होती. नवीन मुळांची टोकं हिरवी, लीफमध्ये घुसलेली. वोंगबाई ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. रहमतखान हात मागे बांधून उभा होता. अबू सालेमची काठी जमिनीवर हळूहळू टकटक करत होती. एक मूळ हातात घेऊन तिनं इंग्रजीत विचारलं की हे कसलं तंतूचं कापड आहे. मी रहमतखानकडे बोट दाखवलं. तिनं त्याच्याकडून पिशवीभर मागून घेतलं. तो गंभीर चेहऱ्यानं ते आणायला गेला, पण चाल बदललेली होती.

चाळीस झाडांची नावं तिनं पटापट लिहिली. काही पानांवरून, काही जुन्या देठांवरून. जिथे अडलं तिथे एक सुरकुतलेली वही काढून. एकेचाळिसाव्यापाशी ती थांबली, आणि मी बरणी पुढे केली.

तिनं बरणी उजेडात धरली. माझं भिंग मागितलं. मग खुर्ची मागितली. बसून तिनं पुन्हा पाहिलं आणि सईचे फोटो एकेक करून पाहिले. ज्या एकाच दलदलीत तिनं स्वतः ही जात पाहिली होती, ती दलदल दोन वर्षांपूर्वी जळून गेली होती. कालवे काढले होते; जमीन कित्येक आठवडे धुमसत होती, ती तिथे जाऊन उभी राहिली होती. हे सगळं तिनं कोरडेपणानं सांगितलं. मग म्हणाली, "आय थॉट वुई हॅड लॉस्ट इट."

"नाही," मी म्हटलं. "बाथरूममध्ये होतं."

तिला मराठी कळलं नाही. प्रकाशनं भाषांतर केलं. ती इतकी हसली की अबू सालेमनं पुन्हा खजूर पुढे केले आणि या वेळी तिनं घेतले.

कागद भरताना शेवटी एक रकाना होता: झाडं कोणी जगवली. वोंगबाईबरोबर आलेल्या खात्याच्या अधिकाऱ्यानं अर्थातच अबू सालेमचं नाव लिहायला घेतलं. सांभाळायचं त्यानंच लिहून दिलेलं होतं.

"नहीं," अबू सालेम म्हणाला. "मेरा नाम ऊपर है. जगह दी, मैंने. यहाँ इनका लिखो." काठीनं त्यानं माझ्याकडे दाखवलं, मग जरा थांबून रहमतखानकडे. "और इसका भी. खत का मत लिखना."

पंचवीस वर्षांत माझं नाव कुठल्याही झाडाच्या कागदावर आलं नव्हतं. अधिकाऱ्यानं स्पेलिंग चुकवलं. मी ते खोडून नीट लिहायला लावलं.

संध्याकाळी एकेचाळीस झाडं, एक बरणी आणि लीफची पिशवी विमानतळाकडे रवाना झाली. आम्ही व्हॅनमागे उभे होतो. रहमतखान म्हणाला, आता शेड मोकळी झाली, खजुराची रोपं ठेवता येतील. मी म्हटलं, ठेवा, आणि त्यांना खत घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी

साडेपाचला सवयीनं जाग आली. दार उघडलं तर दाराबाहेर बादल्या ओळीनं उभ्या होत्या, पिवळी सगळ्यात पुढे. झाडं गेली हे कोणाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

दोन महिन्यांत त्यातलं तांब्याभर पाणीसुद्धा मी स्वतःसाठी वापरलं नव्हतं. दुबईच्या नळाच्या पाण्यानं माझे केस काथ्यासारखे झाले होते आणि कंगव्यात गुंता निघत होता. प्रत्येक बादलीतलं थोडं पाणी बाटलीत भरून हलवलं, फेस नाही. पिवळी बादली उचलून सईच्या रिकाम्या बाथरूममध्ये नेली, अर्धं पाणी गॅसवर तापवलं, आणि न्हायले. त्या पाण्यात शिकेकाईसुद्धा सहज निघत नाही इतकं ते मऊ होतं. तीनदा धुवावं लागलं. उरलेल्या बादल्यांपैकी एक सईसाठी झाकून ठेवली आणि बाकीच्यांवर ज्यांची त्यांची नावं खडूनं लिहून परत करायला निघाले.